आश्रिताच्या बाजूने

श्रावण लागला की अठराव्या शतकातल्या पुण्याकडे माणसांचे लोंढे वळत. कोकणातून, कर्नाटकातून, पार उत्तरेकडूनही शास्त्री, वैदिक, पुराणिक आणि साधे भिक्षुक मजल-दरमजल करत येत. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे मोठे आवार होते. तिथे त्यांना आत घेतले जाई आणि बाहेर सोडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवली जाई. विद्वानांची परीक्षा निराळी होई, आणि त्यांची दक्षिणा त्या परीक्षेवर ठरे. ही प्रथा मूळची तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांची. १७३१ साली त्यांचा मुलगा त्रिंबकराव डभईच्या रणात पहिल्या बाजीरावाशी लढताना पडला. दाभाड्यांचे वैभव ओसरले, आणि त्यांची श्रावणमास दक्षिणा पेशव्यांच्या दारी आली. जिंकणाऱ्याने हरलेल्याचा मुलूख घ्यावा हे समजते. पण त्याचा दानधर्मही घ्यावा, यावरून त्या दानाची राजकारणातली किंमत कळते.

पेशव्यांना यातून काय मिळाले? पुणे विद्येचे ठाणे म्हणून गणले जाऊ लागले. परतणारा प्रत्येक शास्त्री पेशव्यांचे नाव आपल्या गावी घेऊन गेला. छत्रपतींच्या नावाने कारभार हाकणाऱ्या आणि मागे पिढीजात गादी नसलेल्या घराण्याला ही मान्यता घोडदळाइतकीच उपयोगी होती.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, दक्षिणा मात्र चालू राहिली. ती एकाएकी बंद केली तर पुण्यातला सर्वांत बोलका वर्ग उलटेल, हे कंपनी सरकारचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ओळखले होते. त्याने खर्च आवळला, आणि त्याच निधीच्या आधाराने १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे टप्प्याटप्प्याने तिचेच डेक्कन कॉलेज झाले. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्याबरोबरच्या सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही हिस्सा मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. जुनी मंडळी खवळली. प्रकरण इतके तापले की सुधारकांच्या पाठीशी उभे राहायला जोतीराव फुले तालमीतली माणसे घेऊन आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या खटपटीतून दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. १८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे दिले. शूद्र शेतकरी जोडप्याला जोशी कसा नाडतो, याचे ते नाटक. कमिटीने ते नाकारले. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, ही तक्रार फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवली. एकोणिसावे शतक संपेपर्यंत ते नाटक छापले गेले नाही. त्याच दक्षिणेच्या पैशातून महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना फेलोशिप मिळाली आणि त्यांच्या विद्वत्तेला उभारी आली.

सेनापती गेले, पेशवे आले. पेशवे गेले, कंपनी सरकार आले. आवाराच्या जागी कमिटी आली. पैसा कोणाला द्यायचा हे मात्र सारा काळ देणाऱ्याच्या भोवती बसलेल्या माणसांनी ठरवले. आश्रयाच्या इतिहासाचे एवढे विविध रंग एकाच निधीत पाहायला मिळणे दुर्मीळ आहे. म्हणून या विषयात शिरताना पहिले पाऊल पुण्यात टाकावे.

आश्रयदाते आणि आश्रित यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले बहुतेक आश्रयदात्यांच्या बाजूने आहे. ते स्वाभाविकही आहे. सनदा, दानपत्रे, शिलालेख, जमाखर्चाच्या वह्या आणि अर्पणपत्रिका देणाऱ्यांच्या नावाने उरतात. त्यामुळे वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो औदार्याचा: कोणी किती दिले, कोणाला दिले? या प्रस्तावनेचा रोख दुसऱ्या प्रश्नाकडे आहे. घेणाऱ्याला नाही म्हणता येत होते का? पटेनासे झाले तर उठून चालते होता येत होते का? एखाद्या आश्रयाने माणूस घडला की मिंधा झाला, याचा उलगडा देणगीच्या आकड्यापेक्षा या प्रश्नातून अधिक होतो.

प्राचीन रोममध्ये हा संबंध उघडपणे मांडलेला होता. तिथल्या बड्या माणसाच्या दारात भल्या पहाटे आश्रितांची रांग लागे. अंगावर शिष्टाचाराचा जड टोगा, तोंडी मुजऱ्याचे शब्द. यजमान बाजारपेठेत किंवा न्यायालयात निघाला की हीच माणसे त्याच्या मागून चालत, कारण मागे चालणाऱ्यांच्या संख्येवर त्याची पत मोजली जाई. मोबदल्यात त्यांना शिधा मिळे. पुढे शिध्याच्या टोपलीऐवजी रोख नाणी मिळू लागली. खटल्यात यजमान त्यांची बाजू मांडे, निवडणुकीत ते त्याला मत देत. मुक्त केलेला गुलाम आपोआप जुन्या धन्याचा आश्रित होई. रोमच्या बारा फलकांवरच्या सर्वांत जुन्या कायद्यात आश्रिताला फसवणारा आश्रयदाता शापित ठरवला आहे. नाते विषम होते, पण एकतर्फी मानले जात नव्हते.

हिस्पानियातल्या बिल्बिलिस गावाहून आलेला कवी मार्शल या रांगेत आयुष्याची तीन दशकांहून अधिक वर्षे उभा राहिला. त्याच्या कवितांत पहाटेची ती पायपीट, थंड जेवण आणि यजमानाच्या टेबलावरची वेगळी दारू सतत येते. थकून तो मायदेशी परतला तेव्हा प्रवासाचा खर्च धाकट्या प्लिनीने दिला. का दिला, तेही प्लिनीने एका पत्रात लिहून ठेवले आहे: मार्शलने त्याच्यावर कविता केली होती आणि मैत्रीही होती. हिशेब स्वच्छ होता.

मार्शलच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा कवी होरेस याहून भाग्यवान. सम्राट ऑगस्टसचा विश्वासू मायसेनास त्याचा आश्रयदाता होता, आणि त्याच्याकडून होरेसला सबाइन डोंगरांत एक शेत मिळाले. पुढे खुद्द ऑगस्टसने त्याला आपला चिटणीस होण्याविषयी विचारले. होरेसने नकार दिला आणि सम्राटाने राग धरला नाही, असे चरित्रकार सुएटोनियस सांगतो. होरेसला नाही म्हणता आले, कारण पायाखाली जमीन होती. रोज पहाटे दारात यावे लागणारे नाणे आणि एकदाच दिलेले, पुढे ज्याच्यावर स्वतःचे पोट चालेल असे शेत यांच्यात महदंतर आहे. मायसेनासचे नाव युरोपच्या अनेक भाषांत आश्रयदात्याचे नाव म्हणून रूढ झाले, ते याच देण्यामुळे असे म्हणण्याचा मोह होतो.

जमीन मिळाली की माणूस मोकळा होतो, असा नियम मात्र यातून काढता येत नाही. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात जमीन हाच दोर होता.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ चे. बलुतेदारीचे इतके जवळून पाहिलेले वर्णन मराठीत दुसरे नाही. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग. गावागणिक यादी थोडी बदलते. कामाचे पैसे कामाच्या वेळी नाहीत. सुगीत खळ्यावर जायचे आणि आपल्या वाट्याचे बलुते उचलायचे. कोणाची ओळ थोरली, कोणाची मधली, कोणाची धाकटी, हे ठरलेले. अनेक अभ्यासकांना या व्यवस्थेत परस्परांची काळजी दिसली. ती अगदीच नव्हती असे नाही. दुष्काळात लोहाराला गाव उपाशी ठेवत नसे, आणि लोहारही पेरणीच्या तोंडावर फाळ अडवून धरत नसे. पण सोय आणि सक्ती यांची वाटणी सर्वांना सारखी नव्हती. जोशाला गावाबाहेर मान होता, सुताराला गावाबाहेर काम होते. महाराला गावाबाहेर पडले तरी पुढच्या गावात महारवाडाच होता.

महारांकडे वतनाची जमीन असे. तिच्या बदल्यात वेशीची राखण, सरकारी वसुलाची ने-आण, परगावी मयताचा सांगावा, मेलेली जनावरे ओढणे, शिवेच्या तंट्यात साक्ष आणि कोणताही अंमलदार हाक मारील तेव्हा हजर राहणे. कामाला वेळ नाही, मर्यादा नाही. घरातला एक आजारी असेल तर दुसऱ्याने जायचे. महारांच्या परंपरेत बेदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची कथा आहे. तिची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी ती सांगितली जात होती, हे महत्त्वाचे आहे. गाव ज्याला भीक म्हणत होते त्याला घेणारे हक्क म्हणत होते. आश्रितांची स्मृती देणाऱ्यांच्या वह्यांपेक्षा किती वेगळी असते, त्याची ही खूण.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे हे विधेयक होते. वतनदाराला हवे असेल तर पूर्ण सारा भरून जमीन मोकळी करून घेता यावी आणि चाकरीतून सुटता यावे, बलुत्याऐवजी रोख मोबदला ठरावा, हा त्याचा गाभा. वतनाच्या तुकड्याने आणि बलुत्याच्या आशेने माणूस गावाला जखडला जातो, त्याची महत्त्वाकांक्षाच मरते, असे त्यांचे म्हणणे होते. विधेयक पार पडले नाही. कोल्हापुरात मात्र त्याआधी दहा वर्षे, १९१८ साली, शाहू महाराजांनी महार वतने बंद करून त्या जमिनी रयताव्याने मूळ धारकांच्या नावे केल्या होत्या. मुंबई राज्यात हे व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. आश्रयाच्या जागतिक इतिहासात फ्लॉरेन्स आणि व्हिएन्नाला प्रकरणे मिळतात. विधिमंडळातल्या या भाषणांना तितकीच जागा मिळायला हवी. चाकरीतून सुटण्याचा हक्क कायद्यात लिहा, अशी मागणी इथे आश्रित करत होते.

फ्लॉरेन्सचेही बघू. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले. तेव्हा तो व्हेनिसच्या सत्तेखालच्या पादुआ विद्यापीठात शिकवत होता. त्या प्रजासत्ताकाने आदल्याच वर्षी त्याची जागा तहहयात करून पगारही वाढवला होता. तरी मार्चमध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने त्या चंद्रांना मेदिची घराण्याचे नाव दिले आणि पुस्तक तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो दुसरा याला अर्पण केले. कोसिमो लहान असताना गॅलिलिओने त्याला गणित शिकवले होते. काही महिन्यांत तो फ्लॉरेन्सला दरबारी गणिती आणि तत्त्वज्ञ म्हणून रुजू झाला, शिकवण्याच्या ओझ्यावाचून. प्रजासत्ताकाची नोकरी म्हणजे सगळ्यांची सेवा, खरी फुरसत एका राजाकडूनच मिळते, असा त्याचा हिशेब होता. फुरसत मिळाली. पण चर्चच्या आज्ञेला फारशी भीक न घालणारे व्हेनिस सुटले. पुढे पोप आठवा अर्बन झालेला माफेओ बार्बेरीनी एके काळी गॅलिलिओचा चाहता होता, त्याने त्याच्यावर लॅटिन कविताही लिहिली होती. गॅलिलिओच्या १६३२ च्या ग्रंथात पोपचे आवडते मुद्दे एका मंदबुद्धी पात्राच्या तोंडी आले आणि चाहता शत्रू झाला. १६३३ च्या खटल्यात कोसिमोचा तरुण मुलगा फर्डिनांड त्याला वाचवू शकला नाही. आश्रय व्यक्तीवर टिकून असतो. ती व्यक्ती मेली, रुसली किंवा दुबळी निघाली की आश्रिताच्या हातात काही उरत नाही.

संगीतात तर हे पानोपानी आहे. योसेफ हायडन १७६१ साली एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत शिरला तेव्हा करारात गणवेश होता, रोज हजेरी देऊन हुकूम विचारणे होते, आणि मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी रचना करायची नाही ही अटही होती. १७७२ च्या उन्हाळ्यात राजपुत्र निकोलाउस दूरच्या राजवाड्यावर मुक्काम हलवायला तयार नव्हता आणि वादकांची बायकामुले गावी होती. हायडनने अशी सिम्फनी लिहिली की शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो. राजपुत्राला अर्थ कळला. याहून शालीन अर्ज कोणत्याही चाकराने केलेला नाही. १७७९ च्या नव्या करारात दुसऱ्यासाठी रचना न करण्याची ती अट गेली. १७९० साली निकोलाउस वारल्यावर हायडन पेन्शन घेऊन लंडनला निघाला. आडबाजूच्या त्या राजवाड्यात कोणी त्रास देणारे नव्हते, त्यामुळेच आपल्याला स्वतंत्र वाट काढावी लागली, असेही तो म्हाताऱ्या वयात म्हणाला. आश्रयाने दिलेली ही सवड नाकारून चालणार नाही.

तीच सवड कोल्हापुराने अल्लादिया खाँसाहेबांना दिली. उनियाऱ्याहून निघालेला, एका दरबारात अतिगायनाने आवाज बसलेला हा गवई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाहू महाराजांच्या पदरी आला. जयपूर-अत्रौली गायकीचे पुढचे अर्धे शतक या एका नेमणुकीने बदलले. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेबांचा मुक्काम मुंबईकडे सरकला. तिथे संस्थानिकांच्या जागी शेठ-सावकार होते. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या तालमीमागे शेठ विठ्ठलदास द्वारकादास उभे होते, हे सर्वज्ञात आहे. या तालमींतून आलेले गाणे अलौकिक होते. पण गोव्यातल्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांबाबत आश्रयाचा विचार केवळ गाण्यापुरता करणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे. यजमान गाण्याचाही असे आणि आयुष्याचाही. मुलांना बापाचे नाव लावण्याचा हक्क नसे. राजाराम पैंगीणकरांनी ‘मी कोण?’ या आत्मकथनात हे सारे स्वतःच्या जन्मापासून सांगितले. गोमंतक मराठा समाजाच्या चळवळीने यजमानाशिवाय जगण्याची वाट काढली, तेव्हा काही घरांतून गाणे थांबले. ती किंमत समाजाने समजून-उमजून मोजली. रसिकांनी त्याबद्दल हळहळावे, पण त्या निर्णयाला दोष देऊ नये.

दरबारातून स्वतःहून उठून गेलेला माणूस विष्णु दिगंबर पलुसकर. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. एका समारंभाला आपल्याला बोलावणे आले पण गुरूंना आले नाही, गवई म्हणून त्यांची पायरी खालची धरली गेली, हे त्यांच्या मनाला लागले असे सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली, तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाऐवजी लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी संस्था. हा रस्ता सोपा नव्हता. मुंबईत बांधलेली विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. तरी मध्यमवर्गीय घरांतली मुले-मुली पेटी-तंबोरा घेऊन बसू लागली, ती या धाडसामुळे.

नोकऱ्यांची कहाणी थोडक्यात. ईस्ट इंडिया कंपनीत मुलकी आणि लष्करी जागा भरण्याचा अधिकार लंडनच्या संचालकांकडे होता, आणि पुतणे, भाचे, मित्रांची मुले हिंदुस्थानात येत. १८५३ च्या सनदी कायद्याने मुलकी जागांबाबतचा हा अधिकार गेला आणि १८५५ पासून स्पर्धापरीक्षा सुरू झाली. परीक्षा लंडनला होती, वयाची अट कडक होती; तरी १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर तीत उत्तीर्ण झाले. संचालकांच्या दिवाणखान्यातून ती जागा त्यांना कधीच मिळाली नसती. अमेरिकेत निवडणूक जिंकणारा पक्ष टपालखात्यापासून जकातीपर्यंतच्या नोकऱ्या कार्यकर्त्यांना वाटे. १८८१ साली अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी घालणारा चार्ल्स गितो पॅरिसच्या वाणिज्य दूतावासात जागा मिळावी म्हणून खेटे घालून निराश झालेला होता. दोन वर्षांनी पेंडलटन कायदा झाला आणि काही जागांसाठी गुणवत्ता-परीक्षा आली. आपल्याकडे परीक्षा आली, आणि तिच्या शेजारी साहेबांची चिठ्ठीही राहिली. दाखला, बदली, कॉलेजात प्रवेश, सरकारी दवाखान्यात खाट: जे नियमाने मिळायला हवे ते कोणाच्या तरी शब्दाने मिळते, तेव्हा नागरिक पुन्हा आश्रित होतो आणि मतदानाच्या दिवशी ते उपकार फेडतो.

आता या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महिना २५ रुपये देत. १९१३ साली त्यांनीच कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली: तीन वर्षे, महिना साडेअकरा पौंड. अट अशी, की परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर शब्द पाळायला बडोद्याला गेले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली, पुढे अर्थखाते सोपवण्याचा विचार होता. पण शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. कचेरीत शिपाई लांबूनच फायली टाकत. दिवाणांना सांगूनही सोय झाली नाही. एका बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

सयाजीरावांचे देणे खरे होते आणि ते मोठे होते. त्याविना कोलंबिया नव्हते. पण राजाची इच्छा न्यूयॉर्कपर्यंत पोहोचू शकली, स्वतःच्या राजधानीतल्या एका खोलीपर्यंत पोहोचली नाही. आश्रय एका माणसाला वर काढू शकतो. त्या माणसाच्या शेजाऱ्यांना, कारकुनांना, घरमालकांना तो बदलत नाही. त्यासाठी कायदा लागतो, आणि कायद्यामागे हक्क मागणारे लोक लागतात. हे सयाजीरावांनाही ठाऊक होते. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये त्यांनी तो सर्व संस्थानाला लागू केला. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, १९१७ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, आणि १९२० साली आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले तेव्हा अडीच हजार रुपयेही दिले. एकाच माणसाच्या हातून खासगी देणगीही गेली आणि सार्वजनिक कायदाही झाला. या दोन राजांकडे केवळ उदार आश्रयदाते म्हणून पाहणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. आपल्या मर्जीवाचूनही लोकांचे चालावे, अशी तजवीज त्यांनी स्वतःच केली.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखेही गेले. अकादम्या, मंडळे, पुरस्कार, अनुदाने आली. राज्यसंस्था सर्वांत मोठी आश्रयदाती झाली. या आश्रयाला नियम आहेत, समित्या आहेत, अर्जांचे नमुने आहेत. तरी जुना प्रश्न सुटलेला नाही. १९७५ साली आणीबाणीत कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण होते. अध्यक्ष दुर्गा भागवतांनी त्याच व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध आवाज उठवला आणि तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या, आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. सरकारी सन्मान त्यांनी नंतरही घेतले नाहीत. त्यांच्यासारखा ताठ कणा सर्वांना लाभत नाही, आणि तो असावा अशी अपेक्षा धरून संस्था बांधता येत नाहीत. नाही म्हणणाऱ्याचे अनुदान, नोकरी किंवा छापखाना जाणार नाही, अशी रचना करावी लागते.

या विषयात पुढे जाणाऱ्या वाचकाने दानपत्रे वाचावीत, पण तिथेच थांबू नये. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि गावगाडा खळ्याच्या दुसऱ्या बाजूने दिसला. १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये वीरगावच्या महारवाड्यातल्या येसकराची (वेशीची राखण करणाऱ्याची) पाळी आहे, दारोदार गोळा केलेल्या शिळ्या भाकरी आहेत, आणि त्या भाकरीसाठी बायकांना कोणते शब्द ऐकून घ्यावे लागत याची तपशीलवार नोंद आहे. फलटणला छोटे दुकान चालवत, घरच्यांच्या नजरेआड कित्येक वर्षे त्यांनी हे लिहिले. ‘स्त्री’ मासिकातून ते प्रथम वाचकांसमोर आले.